नदीची बाटली सुभद्रेच्या फ्रीजात

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या सख्ख्या नातीनं बाटली माझ्या जावेच्या हातात दिली. माझ्या डोळ्यांदेखत. मी तिथंच ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. भिंत नव्हते.

रेणू नांदेडहून आली होती. तिथं मोठ्या कॉलेजात नदीच्या पाण्यावर शिकून राहिली. आता दर सोमवारी-गुरुवारी सकाळी कोणीतरी आपल्या पुलाखालून बाटलीभर पाणी घ्यायचं, पेनासारखं यंत्र त्यात बुडवायचं, आकडे वहीत मांडायचे, वहीचा फोटो पाठवायचा. बाटली बर्फाच्या डब्यात घालून नांदेडच्या एसटीत द्यायची. नदीवर सहा ठिकाणी अशी माणसं नेमलीत. आपल्या गावात नेमली सुभद्रा.

का? तर तिच्याकडं फ्रीज आहे. फोन चांगला आहे. सातवी शिकलीय. आणि "आजी, तुझे गुडघे."

हे गुडघे त्या नदीवर उतरायला लागले तेव्हा रेणूचा बाप पण जन्मला नव्हता.

मी दुसरीपर्यंत. पुढं अंगठेवाल्या बायांच्या वर्गात बसून अक्षर पक्कं केलं. सून शिवण शिवते, तिची मापांची वही अर्धी कोरी होती, ती घेतली. पुढं छाती, कंबर, बाही. मागून माझं लिहिणं. सु.ला वही मिळती तर मला काय मिळत नाही?

आजचं पाणी (पा.): हिरवट. गुडघाभर तळ दिसतो. वास नाही. म्हशी उतरल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सु. नदीवर गेली ती इस्त्रीचं लुगडं नेसून. पाणी आणायला का सोयरीक जमवायला, कळेना.

जाताना दारात थांबली. "अक्का, येता का संगं?"

"तुझ्या मागं मागं यायला मी काय कालवड हाय?"

ती परत आल्यावर मी एकटी गेले. काठी टेकत. सून मागून वरडली, "आत्याबाई, पडचाल!" पडले तर पडले. निदान रेणू बघायला तरी येईल.

पा.: सोमवारसारखंच. बारके मासे दिसले. म्हशी उतरल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

रेणूचा फोन. सु.बरोबर अर्धा घंटा. भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. हवा किती, आकडा किती, बाटलीवर चिठ्ठी लावली का. मग सु.नं फोन आणून माझ्या कानाला लावला. रेणू म्हणाली, "आजी, जेवलीस का?"

मी म्हणलं, हाव.

संपलं.

पा.: जरा पिवळं. म्हशी उतरल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रे. आली होती. उतरली माझ्या घरी, बसली सु.च्या घरी. सु.नं धपाटे केले. मी सुपात तांदूळ घेऊन तिच्याच ओट्यावर जाऊन बसले. एकच खडा तीनदा निवडला, पण बोलणं सगळं ऐकलं.

रे. म्हणे, नदीचे डबे करायचे. आगगाडीचे असतात तसे. एका डब्यातलं पाणी पुढच्या डब्यात जातं. वरच्या गावाचा नाला कुठं पडतो, कारखान्याची घाण कुठं, शेतातलं खत किती, ऊन किती, पाण्याला ओढ किती, हे सगळं कॉम्प्युटरात घालायचं. मग तो सांगतो की पुढच्या डब्यात पाणी कसं असणार.

"मंग आमची बाटली कशाला?" सु.नं विचारलं.

"कॉम्प्युटर नुसता अंदाज करतो, सुभाआजी. तसंच झालं का नाही ते बाटली सांगते. तू म्हणजे नदीची साक्षीदार."

तो शब्द ऐकून सु. अशी बसली जशी कचेरीत खुर्ची मिळाली.

रे. पुढं म्हणाली की घाण पडली की पाण्यातली हवा संपते, मासे गुदमरतात. पुढं वाहता वाहता नदी पुन्हा हवा घेते, दम खाते. किती लांब गेल्यावर दम खाते ते काढायचंय. ते पक्कं निघालं तर वरच्या लोकांना कागदावर दाखवता येईल, एवढंच सोडा, यापुढं नदीला झेपत नाही.

हे मला पटलं. पटलं म्हणून जास्तच आग झाली. पोरगी हुशार आहे आणि हुशारी शेजारच्या घरात सांगते.

पा.: रे. आली म्हणून बघायचं राहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वर ऊस गाळायला सुरू झाला. पाण्याला लगेच कळतं.

पा.: चहासारखं. वास मळीचा. काठाला फेस, बोटभर. म्हशी पाय घालून माघारी फिरल्या. गुराख्यानं दोन काठ्या घातल्या तरी उतरल्या नाहीत.

सु. गल्लीत सांगत होती, "यंत्र म्हणतंय पाणी चांगलं हाय."

मी म्हणलं, "यंत्राला नाक हाय का गं?"

"आता तुमच्या नाकाचा आकडा कुठं लिहू अक्का?"

बाया हसल्या. चार बायात मला बोलायला शिकली. लग्न होऊन आली तेव्हा चुलीत लाकूड कसं सारायचं ते माहीत नव्हतं. मी शिकवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पा.: काळपट. फेस हातभर, वाऱ्यानं पुलाच्या खांबाला चिकटलेला. मासे वर तोंड काढून. एक मेलेला, बोटाएवढा. म्हशी नाही.

मेलेला मासा घरी आणून रे.ला फोन करावा म्हणलं. धाकट्या लेकाचा फोन घेतला. त्याच्या फोनच्या काचेला इतक्या भेगा की नंबर दिसत नाही. सून म्हणाली सुभद्राबाईच्या फोनवरून करा. मासा कोंबड्यांना टाकला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पा.: तसंच. वास घरापर्यंत. गुडघा सुजला. हळद लावली. गेले नसते तर चाललं असतं, पण मग वहीत आजचा रकाना रिकामा राहिला असता आणि तिच्या वहीत भरलेला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज कहर झाला.

सरपंचाला कुठून तरी कळलं की सहा ठिकाणांत आपल्या गावाचं पाणी सगळ्यात चांगलं निघालं. पंचायतीसमोर मांडव, माईक. सु.ला शाल आणि नारळ. "नदीची लेक" असं छापलेला कागद. लेक! साठीला आली बाई.

मला बोलावलं. वाटलं दोन शब्द बोल म्हणतील. नदीचं मला काय कमी माहीत? पदर नीट केला. तर माझ्या हातात ताट दिलं. शाल, नारळ, हळदकुंकू ठेवलेलं. ते धरून उभी राहा म्हणाले, मोठी जाऊ म्हणून शोभतं.

धरलं. हात दुखेपर्यंत. फोटोत मी आहे, पण नारळाच्या मागं.

रे.नं फोनवर सु.ला म्हणलं, "सुभाआजी, भारीच!"

पा.: दुपारी बघितलं. काळं. फेस. वास. म्हशी आठवडाभर तिकडं फिरकल्या नाहीत. हे चांगलं पाणी म्हणतात.

१ डिसेंबर, सोमवार

रे.चा सु.ला फोन. कॉम्प्युटरचं आणि बाटलीचं जुळत नाही. बाकी पाच ठिकाणी जुळतं. आपल्या गावात कॉम्प्युटर म्हणतो घाण, बाटली म्हणते साफ. पाण्यात हवा भरपूर, गाळ कमी, खताचा अंश तर जवळजवळ नाहीच. "सुभाआजी, पुलाखालूनच भरतेस ना?" "हाव बाळा, पुलाखालूनच. देवाशपथ."

खोटं बोलत नाही ती. तेवढं मी पण सांगते. जाते पुलाखालीच, चरवी घेऊन. मी लांबून बघितलंय.

पण जुळत नाही म्हणल्यावर मला जे बरं वाटलं ते लिहून ठेवते. लई बरं वाटलं. दुपारी भाकर जास्त खाल्ली.

पा.: काळं. म्हशी नाही.

८ डिसेंबर, सोमवार

रे. आली. तोंड उतरलेलं. माझ्या घरी बसली आज, सु.कडं नाही गेली. चहा गार केला.

तिचे सर म्हणतात की गणितच चुकलंय, नाहीतर असं धर की तुमच्या गावापाशी नदी आपोआप लवकर सुधरते, आणि तसं लिही. रे. म्हणते, "असं लिहिलं तर वरचे लोक म्हणणार, नदी आपली आपण साफ होते, मंग सोडा अजून. आजी, मी असं कसं लिहू?"

आणि बाप लातूरहून म्हणून राहिला की या उन्हाळ्यात पुरं झालं तर झालं, नाहीतर वही मिटवायची, स्थळं बघायची. थोरला माझाच. त्याची जीभ मला माहीत आहे. म्हणल्यावर करतो.

मी विचारलं, "म्हशींचं लिहिती का तू कुठं?"

"कशाच्या म्हशी?"

"काही न्हाई. चहा पी."

पोरगी बारीक झालीय. बरं वाटलं होतं ते आज गेलं.

पा.: काळं. फेस कमी. वास आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

सापडलं.

सकाळी गुळाचा खडा मागायचं निमित्त करून भिंतीच्या खिंडारातून सु.च्या परसात गेले. ती नदीवरून आलेली. चरवी खाली ठेवली. बाटली पाटावर. बाटलीच्या तोंडाला पांढरं फडकं, दुहेरी. आधी चरवीत तुरटीचा खडा फिरवला. चार फेरे, उजवीकडून. थांबली. गाळ बसू दिला. मग वरचं वरचं पाणी, उंचावरून, धार धरून, फडक्यातून बाटलीत. मग यंत्र बुडवलं. आकडे लिहिले. फोटो काढला.

नदी गाळून पाठवते ही बया नांदेडला!

मी तशीच मागं फिरले. गूळ मागितला नाही. तोंड गोडच होतं.

पा.: बघितलं नाही. गरज काय?

१२ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर पोटात ठेवलं. कसं सांगायचं ते मनात बोलून बघितलं. रे.च्या पुढं, सु.च्या पुढं, सरपंच असला तर उत्तमच. "शाल काढा तिच्या अंगावरची, ती पाण्याला नाही, फडक्याला दिलेली हाय."

हे दोनदा म्हणून बघितलं. सून म्हणाली, "आत्याबाई, कुणाशी बोलायलाव?"

पा.: काळपट. म्हशी नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

राहवलं नाही. सु. फडकं बांधत होती तेव्हाच जाऊन उभी राहिले.

"काय करून राहिली सुभद्रे?"

"पाणी गाळायलेय अक्का. कामून?"

"नांदेडला घाण पाहायचीय त्यांना. तू काढून घेतेस आणि साफ पाणी देतेस."

ती बघतच राहिली. आधी कळलंच नाही. मग कळलं तसा फडक्याचा कोपरा हातातून सुटला.

"लेकराच्या हातात गाळल्याबिगर पाणी कसं द्यावं?" म्हणाली. "तुम्हीच शिकवलं. नवी नवरी होते. तुमच्या माहेरच्या पावण्याला मी तसाच तांब्या नेऊन दिला. तुम्ही तांब्या हातातून घेऊन उकिरड्यावर ओतला. म्हणलात, या घरात गाळल्याबिगर पाणी द्यायचं असंल तर तुझ्या बापाच्या घरी जा."

मला आठवत नव्हतं. तिनं सांगितलं तसं सगळं आठवलं. पावणा कोण, तांब्या कोणता, ते पण. पुढं ती चुलीमागं जाऊन बसली होती.



ती म्हणाली, "अक्का, रेणूला सांगू नका. गावानं शाल घातलीय."

"न्हाई सांगत."

असं का म्हणलं? दया म्हणून नाही. ती माझ्या मुठीत आली म्हणून. संध्याकाळी सु.नं कढी आणून दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न मागता. चांगली झाली होती, जरा हिंग जास्त. भांडं लगेच परत केलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

सु.नं आज न गाळता भरली. मी समोर उभी होते. बाटली डब्यात ठेवताना हात असा झटकला जसा शेणात पडला.

"हे असलं द्यायचं लेकराला?"

"हेच द्यायचं."

पा.: काळं. फेस तळहाताएवढा. म्हशी नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस, वेळा अमावास्या.

सगळे शेतात. धाकट्यानं कडब्याची कोपी उभारली, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडले. दोन्ही घरचं जेवण एकाच जागी, रीतीप्रमाणं. पालेभाज्यांची भज्जी माझी, ताकातली आंबील सु.ची. लोकं आंबीलच मागून पिऊन राहिले. रे. पण दोनदा. भज्जीला कोणी नावं ठेवली नाहीत, पण विचारलं पण नाही.

जेवताना रे.ला फोन आला. कालच्या बाटलीचं. उठून बांधावर जाऊन बोलली, परत आली, ताटात बोटं फिरवत बसली. म्हणे, इतके दिवस पाणी साफ, आणि काल एकदम घाण. "म्हणजे नदी सुधरते असं पण म्हणता येत न्हाई. मला काहीच कळत न्हाई आजी. बाबा म्हणतात तेच बरोबर. सोडून देते."

मी घास गिळला. आता सांगावं म्हणून तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

तेवढ्यात सु. बोलली. भर कोपीत. "बाळा, मीच पाणी गाळलं. दर खेपेला. तुरटी पण फिरवली." आणि रडायला लागली. आंबिलीचा पळा हातातच.

मला वाटलं रे. ओरडंल. रे. उठली, तिच्या गळ्यात पडली. "सुभाआजी, मीच सांगायला पाहिजे होतं. माझीच चूक." दोघी रडतात. धाकटा पण नाक पुसतो.

घोटाळा तिचा, गळाभेट तिला.

कोणी शिकवलं होतं, कोणाला आठ दिवस माहीत होतं, यातलं एक अक्षर सु.नं काढलं नाही. एकदा माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. ते मला शालीपेक्षा जास्त झोंबलं.

भज्जी उरली. घरी आणली.

२२ डिसेंबर, सोमवार

रे.चा फोन, सु.च्या फोनवर, सगळे गोळा करून. दीड महिन्याच्या आपल्या गावच्या बाटल्या सगळ्या बाद. पण बाकी पाच ठिकाणचं जुळतं. सर म्हणतात की त्या दिवसांत तुमच्या गावात पाणी कसं होतं याचा दुसरा काही पुरावा असंल तर आण. आकडा नसला तरी चालंल. रंग, वास, फेस, तारखेनिशी. कॉम्प्युटर म्हणतो तसं होतं का नव्हतं, एवढं ताडून बघता येईल. नसंल तर हा डबा गाळायचा, आणि नेमका हाच डबा महत्त्वाचा, कारण नाला आणि कारखाना दोन्हींच्या खाली पहिलं गाव आपलंच.

"कुणी काही लिहून ठेवलं असतं तर," रे. म्हणाली.



सून म्हणाली, "आत्याबाई लिहितात की. माझ्या मापाच्या वहीत. नदीवर जाऊन येतात आणि लिहितात."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दीड महिना कोणी बघितलं नव्हतं.

"आजी? खरंच? काय लिहितेस?"

"रंग. वास. फेस. म्हशी उतरल्या का न्हाई."

फोनमध्ये पोरगी इतकी जोरात ओरडली की सु.नं फोन लांब धरला. "म्हशी! आजी, म्हशी! तू सांगत होतीस की मला!" आणि मग हसत होती का रडत होती. "आजी, तू आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हणलं, तू विचारलं न्हाईस.

आज रात्री झोप येईल असं वाटलं होतं. मग आठवलं वहीत अजून काय काय आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

वही काढून पहिल्यापासून वाचली. पाण्याच्या ओळी बोटावर मोजता येतील इतक्या. बाकी सगळी सु. इस्त्रीचं लुगडं. साठीला आली बाई. भाकर जास्त खाल्ली. "ही बया." आणि ११ तारीख. आणि १२. आणि कढी.

पाण्याचं तेवढं वेगळ्या कागदावर उतरून काढावं म्हणून बसले. पाच तारखा लिहिल्या. अक्षर चांगलं आलं.

२४ डिसेंबर, बुधवार

रे.ला सांगितलं, कागदावर उतरून देते. ती नको म्हणाली. सरांना मूळ वही पाहिजे, सगळी पानं ओळीनं, फोटो काढून. उतरून दिलं तर म्हणतील नंतर बसून रचलं. पान फाटलेलं दिसलं तरी म्हणतील. खाडाखोड पण नको.

"आजी, मी पाण्याच्याच ओळी घेणार. बाकीचं कुणी वाचत नाही."

"तू वाचशील का?"

"मला वाचायलाच लागंल ना. तारखा लावायला."

तिला कळणार. ती माझ्या ओसरीवर चहा गार करत बसली होती, पुढं तीन दिवसांनी मला कळलं, आणि मी आठ दिवस दाबून ठेवलं. बाप स्थळं बघतो म्हणत असताना.

आणि फोटो काढणार कोण? धाकट्याच्या फोनमध्ये नुसतं धुकं येतं. सुनेचा बटणांचा. चांगला फोन गावात ज्यांच्याकडं आहे त्यांतली एक भिंतीपलीकडं. बाकीच्यांना दाखवायला ही काय लग्नपत्रिका आहे?

पा.: काळं, पण वास कमी. म्हशी काठावर उभ्या राहिल्या, उतरल्या नाहीत.

२६ डिसेंबर, शुक्रवार

धाकट्याला म्हणलं, मला वही घेऊन नांदेडला ने. तो म्हणाला, हरभऱ्याला पाणी चाललंय, सोमवारनंतर. रे.ला सोमवारी सरांना द्यायचंय.

एसटीनं एकटी जावं म्हणलं. कंधारपर्यंत गेले असते, पुढं गाडी बदलायची. गुडघा बघून सून दारात आडवी उभी राहिली. "जा म्हणजे. माझ्या अंगावरून जा." ही पण बोलायला शिकली.

११ तारखेवर शाई सांडावी का? कोणाला कळणार? घरात शाई नाही. काजळ आहे. झाकण उघडून बसले होते. मग वाटलं, काळं पान बघून सर म्हणणार, काय लपवलं? आणि त्या एका पानापायी पोरीचं सगळं पुन्हा संशयात. एकदा नदी गाळून झाली. आता वही गाळायची का?

काजळाचं झाकण लावलं.

२८ डिसेंबर, रविवार

सु. दारात आली. फोन हातात, पदराच्या टोकानं काच पुसत.

"अक्का, रेणूचा तीनदा फोन आला. वही काढा. उजेड चांगला हाय, आत्ताच काढते."

मी म्हणलं, "तुझ्याबद्दल लिहिलेलं हाय त्यात."

"माझ्याबद्दल काय?"

"चांगलं न्हाई."

ती ओट्यावर बसली. काच पुन्हा पुसली. मग म्हणाली, "कढीचं लिहिलंय का?"

"हाव."

"हिंग जास्त झाला होता ते?"

"ते पण."

हसली नाही. मला वाटलं हसंल.

मी म्हणलं थांब, आजचं लिहायचंय अजून. पा. बघून आले नाही, गुडघा उचलत नाही. ती म्हणाली, मी आत्ताच तिकडून आले, लिहा: रंग चहाचा, वास मळीचा, फेस दोन बोटं. म्हशी? म्हशीचं तिनं बघितलं नव्हतं. मी ती जागा कोरी सोडली. न बघितलेलं लिहायचं नाही.

ती चष्मा लावून बसलीय. सातवी शिकलेली आहे, भराभरा वाचणार. फोटो आधी काढती का वाचती आधी, ते तिचं तिनं ठरवावं. मी म्हणलं, वाचताना माझ्याकडं बघू नको.

"न्हाई बघत. आणा."

देते.